सात नंबरचं शून्य

हँगरच्या मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. चौकटीत मामांचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरांत 'शून्य दोष' आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'शिक्का क्रमांक सात, सलग अकरा महिने'. ही चौकट तिनेच लावली होती. स्वतः शिडीवर चढून, लेव्हल लावून, कारण क्वालिटीवाल्या बाईनं वाकडी चौकट टांगली तर लोक काय म्हणतील? चौकट अगदी सरळ होती. आत काय लिहिलंय याचा तिने त्याच्या निम्म्याने जरी विचार केला असता, तरी पुढचं बरंचसं टळलं असतं. पण शून्य मोठं लबाड असतं. दिसायला गोल गरगरीत, आणि पोटात काय आहे याचा पत्ता लागू देत नाही.

हँगरमध्ये तिला 'खुसपट मॅडम' म्हणत. तोंडावर नव्हे. पण विमानाच्या पोटाखाली उभं राहून कोणी कुजबुजलं तरी त्या उंच छताखाली ते घुमतं, एवढी साधी गोष्ट मेकॅनिक लोकांच्या ध्यानात येत नसे. तिला त्याचा राग नव्हता. खुसपटं काढायलाच तर तिला तिथे बसवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "काम आपलं चोख आहे, पण चोख आहे हे दाखवायला आपल्याकडे कागदाचा चिटोराही नाही. तेवढं तुम्ही बसवा." तिने बसवलं. कुठलं हत्यार कधी तपासून आणलं, कुठला नट कोणी किती जोराने आवळला, ते कोणी लिहिलं आणि लिहिलेलं कोणी वाचलं, या सगळ्याची घडी तिने घातली. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दुसरी तपासणी. विमान वर-खाली, डावं-उजवं वळवणारी जी पाती पंखांवर आणि शेपटीवर असतात, त्यांच्या केबली, नट, त्यांना धरून ठेवणारी ब्रॅकेटं यांना कोणी हात लावला की त्याने सही करायची. मग त्या कामात ज्याचा हात नव्हता अशा तपासनिसाने सगळं पहिल्यापासून बघायचं आणि आपला शिक्का मारायचा. एक माणूस चुकेल, पण दोन माणसं एकाच जागी चुकणार नाहीत, एवढ्या भरवशावर माणसं विमानात बसतात.

असे शिक्के हँगरमध्ये नऊ होते. सात नंबरचा मामांचा.

मामा अख्ख्या हँगरचे मामा होते, पण खरे मामा तिचे एकटीचे. तिच्या आईचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर मायलेकींना आपल्या घरी आणलं ते यांनीच, आणि तिला या धंद्यात ओढलं तेही यांनीच. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, फाटकापाशी सायकल थांबवून त्यांनी बजावलं होतं, "घरी काय वाटेल ते म्हण. फाटकाच्या आत मी तुझा मामा नाही. इथे अहो-जाहो करायचं." तिने ते इमानेइतबारे पाळलं. फक्त पहिल्या आठवड्यात एकदोनदा तोंडातून 'मामा' निसटलं, आणि तेवढ्यावर सगळ्या हँगरने तो शब्द उचलला. फाटकाच्या आत कोणाचाच मामा व्हायला तयार नसलेला माणूस वर्षभरात दीडशे जणांचा मामा झाला. सख्ख्या भाचीच्या वाट्याला तेवढं 'तुम्ही' आलं.

बघायचं कसं, हे तिला त्यांनीच शिकवलं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दांडीचा आरसा, आणि ते दोन्ही खाली ठेवून झालं की शेवटी बोट. "डोळा लाडावलेला असतो," ते म्हणत. "त्याला जे बघायची सवय झालीय तेच तो बघतो. म्हणून बोट लावायचं." आणि कागदाविषयी त्यांचं सांगणं असं: "जे दिसलं ते लिही. दिसायला हवं होतं ते लिहू नको. एक शब्द जरी मऊ पडला ना, तर वाचणारा त्याच्यावर डोकं टेकून झोपतो."

ती क्वालिटीची प्रमुख झाली तेव्हापासून मामा तिला फाटकाच्या आत 'मॅडम' म्हणत. थोडं थट्टेने, थोडं कौतुकाने. पण गेल्या वर्षभरात काहीतरी बिनसलं होतं. बोलताना ते तिच्या तोंडाकडे बघेनासे झाले होते. तिच्या कानाकडे, खांद्याकडे, नाहीतर मागच्या भिंतीकडे बघून बोलायचे. भाचीच्या हाताखाली काम करणं जड जात असेल, असं तिला वाटलं. आईला तिने एकदा विचारलंही. "पुरुषमाणूस आहे, लागत असेल मनाला," आई म्हणाली, आणि दोघींनी तो विषय गुंडाळून ठेवला.

मंगळवारी सकाळी दुसऱ्या शहरातल्या हँगरमधून एक कागद आला. इथून तपासून गेलेल्या एका विमानाच्या शेपटीतल्या ब्रॅकेटला तडा सापडला होता. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. तडा जुना, आत काळं तेल मुरलेलं. विमान जमिनीवर असतानाच सापडला, ब्रॅकेट बदललं, कोणाला काही झालं नाही. खाली आधीच्या तपासणीची तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची, आणि दुसऱ्या तपासणीच्या शिक्क्याचा आकडा. सात.

मोठ्या साहेबांनी कागद वाचून बाजूला ठेवला. "अकरा महिन्यांत एक. होतं असं."

"होतं," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत येऊन तिने अकरा महिन्यांची तपासणीची सगळी कार्डं काढली.

कुठल्या शिक्क्याला दुसऱ्या तपासणीत किती दोष सापडले, याचा आलेख ती दर तीन महिन्यांनी काढत असे. बाकीच्या आठ जणांना शंभर कामांमागे चार-पाच सापडत. मामांना पूर्वी नऊ सापडायचे. सगळ्यांत जास्त, कारण त्यांची नजरच तशी होती. मग एकाएकी नवाचं शून्य झालं आणि अकरा महिने ते शून्यच राहिलं. हा आलेख तिने मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला होता. वर "मामांच्या धाकाने लोक चुका करायचेच थांबले" असंही म्हणाली होती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता तोच आलेख तिने पुन्हा पुढ्यात घेतला. चुका करणारी माणसं तर तीच होती. आलटून पालटून ती नऊही तपासनिसांसमोर जात होती. आठ जणांना त्यांच्या चुका सापडत होत्या आणि सात नंबरसमोर गेलं की त्या गायब होत होत्या. हे कळायला क्वालिटीचं शिक्षण लागत नाही. पालेभाजी निवडणाऱ्या कोणालाही कळेल. अकरा महिने एकसुद्धा किडकं पान निघालं नाही, तर शंका भाजीची घ्यायची नसते, निवडणाऱ्याची घ्यायची असते.

ती खाली उतरली. मेकॅनिक लोकांत सगळ्यात जुना जो होता, ज्याला सगळे 'पाना' म्हणत, तो एका चाकापाशी बसला होता.

"मामांना हल्ली काही सापडतच नाही का हो?" तिने विचारलं.

"सापडतं की!" पाना म्हणाला. "परवा माझाच नट ढिला निघाला. 'परत आवळ' म्हणाले, आवळला. ते लिहीत नाहीत हो मॅडम, तोंडी सांगतात. लिहिलं की आमच्या नावावर लागतं ना. देवमाणूस आहे."

"कधीपासून लिहीत नाहीत?"

"तुम्ही ते नवं कार्ड काढलंत ना, तेव्हापासून. झकास काम केलंत बघा. नुसता शिक्का हाणला की मोकळे."

नवं कार्ड. जुनं चार पानी होतं आणि त्याच्या नावाने सगळे बोटं मोडत. तिने महिनाभर डोकं खपवून त्याचं एक पान केलं होतं, आणि दुसऱ्या तपासणीच्या जागी आधीच छापून टाकलं होतं: 'दोष आढळला नाही'. दोष नसेल तर खाली शिक्का मारायचा. असेल तर ते वाक्य खोडून शेजारच्या दीड बोटाच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहायचं. म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर छापून ठेवलेलं, आणि तेही तिनेच. मामांना पहिल्यांदा ते कार्ड दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "छान आहे. सोपं आहे." उभ्या जन्मात त्यांनी कुठल्या कागदाला छान म्हटलं नव्हतं. ती आठवडाभर हवेत होती.

आणि मग एकेक गोष्ट रांगेने आठवत गेली. मामांच्या घरी वर्तमानपत्राची घडी दिवसभर तशीच असायची. "हल्ली वाचण्यासारखं असतं काय?" असं म्हणून ते मामीकडून मथळे वाचून घेत. गेल्या रविवारी त्यांनी तिला चहा ओतून दिला, तेव्हा कपाच्या कडेला आतून बोट लावलं होतं आणि चहा बोटाला लागल्यावर ओतायचं थांबवलं होतं. हे सगळं तिने समोर बसून बघितलं होतं. बोट भाजलं असेल, असंही तिच्या मनात आलं नाही. आता आलं.

बुधवारी तिने सगळ्या तपासनिसांची उजळणी लावली. मामांना एकट्याला बोलावणं म्हणजे तोंडावर बोलल्यासारखं झालं असतं, म्हणून नऊही जणांना बोलावलं. शिकवायच्या खोलीत एका जुन्या विमानाची शेपटी ठेवलेली असते. तिच्यात तिने स्वतःच्या हाताने पाच दोष ठेवले. एका केबलीतली एक बारीक तार तोडली. एक नट ढिला केला. एका नटाची स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू नये म्हणून घालतात ती, काढून घेतली. नट आवळून झाल्यावर नटापासून खालच्या पत्र्यावर लाल रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा फिरला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. अशी एक रेघ तिने काडीभर सरकवली. आणि पाचवा दोष, ब्रॅकेटला तांदळाच्या दाण्याएवढा तडा.

आठ जणांना कोणाला चार सापडले, कोणाला पाच. मामा शेवटी आले.

त्यांनी बॅटरी पेटवली, आरसा उघडला, सगळं शिस्तीत. पण बघताना मान तिरकी होती आणि तोंड खोलीच्या कोपऱ्याकडे. मग त्यांनी बॅटरी ठेवून दिली. खिशातून चिंधी काढून केबलीवरून फिरवली. चिंधी एका जागी अडकली. "तार तुटलीय," ते म्हणाले. बोटं पुढे सरकली. "हा ढिला." पुढे. "इथली पिन गेली." इतकं झरझर, की तिला क्षणभर वाटलं आपलाच काहीतरी गैरसमज झाला. मग ते बोट लाल रेघेवरून गेलं. गेलं ते गेलंच. मग ब्रॅकेटवर आलं, तड्यावरून एकदा फिरलं, परत फिरलं, जरा थांबलं. सापडू दे, ती मनात म्हणाली. सापडू दे रे. बोट उचललं गेलं.

"झालं," मामा म्हणाले. चिंधीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "पाच ठेवलेत ना, मॅडम? तुम्ही पाचच ठेवणार. तुमच्यासाठी मी पाचच ठेवायचो."

"पाचच," ती म्हणाली.

"मला तीन मिळाले," ते म्हणाले.

"मामा, तुला दिसत नाही ना?"

फाटकाच्या आत, बावीस वर्षांत पहिल्यांदा, ती त्यांना 'तू' म्हणाली होती. मामांनी टोकलं नाही. हाताने चाचपून त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"कडेचं दिसतं," ते म्हणाले. "मधलं गेलं. जिथे बघायला जावं तिथेच डाग. तू लावलेली ती चौकट दिसते मला, आतला फोटो दिसत नाही. माणसाकडे सरळ बघितलं की त्याचं तोंडच पुसून जातं. म्हणून बाजूला बघत बोलतो. वर्ष झालं, तुझा चेहरा मी सरळ बघितलेला नाही."

आणि ती समजत होती की मामा रुसलेत. तिला रडू फुटलं. सवयीने तिने तोंड फिरवलं, आणि इथे फिरवायची गरजच नाही हे लक्षात आल्यावर तिला आणखीच रडू आलं.

"दर वर्षी डोळे तपासतात ना?" तिने शेवटी विचारलं.

"त्या डॉक्टरचा तक्ता बारा वर्षं तोच आहे गं. वरपासून खालपर्यंत पाठ आहे मला." ते किंचित हसले. "एवढी वर्षं सगळे मामा मामा करताहेत. शेवटी मीच सगळ्यांना मामा बनवलं."

तिला हसू आलं नाही. "पण का?"

"आधी वाटलं, चष्मा बदलला की जाईल. मग वाटलं, बोट आहे ना आपल्याकडे. बोटाला कळतं." त्यांनी आपला पंजा गुडघ्यावर उलटा ठेवला. "आणि मग वाटलं, घरी बसून करू काय? एकतीस वर्षं मी बघतोय. तेवढंच येतं मला. रोज शिक्का मारताना वाटायचं, उद्या सांगू. तो उद्या काही येईना."

मोठे साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. तिने सगळं सांगितलं, त्यांनी ते मधे न तोडता ऐकून घेतलं.

"निवृत्तीला चारच महिने राहिलेत त्यांचे," ते म्हणाले. "उद्यापासून हत्यारांच्या खोलीत बसवा. मानाने जाऊ देत. त्यांनी पास केलेली किती विमानं आहेत?"

"सव्वीस."

"ती नेहमीच्या तपासणीला येतील तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघा. सगळी आजच्या आज थांबवली तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "रिपोर्ट तुमचा आहे. मी काही बोलणार नाही. फक्त त्यांना तुम्ही कोण लागता, तेवढं लक्षात असू द्या."

संध्याकाळी ती रिपोर्ट लिहायला बसली. लिही आणि खोड, लिही आणि खोड. शेवटी एक वाक्य जमलं: 'कार्डाच्या नमुन्यातील त्रुटीमुळे शिक्का क्रमांक सात यांच्याकडून काही कामांची दुसरी तपासणी पुरेशी होऊ शकली नाही.' वाचून तिला बरं वाटलं. खोटं काहीच नव्हतं. कार्डाचा दोष म्हणजे तिचाच दोष, तो तिने अंगावर घेतला होता. आपण मोठं मन दाखवलं असंही तिला वाटलं, आणि असं वाटतं तेव्हा माणसाने खरं तर सावध व्हायला हवं. कारण तिने स्वतःच लिहिलेल्या नियमात दोन वेगळी कलमं होती. तपासणी 'अपुरी' असेल तर विमान पुढच्या नेहमीच्या तपासणीला बघायचं. तपासणी 'झालीच नसेल' तर विमान असेल तिथे थांबवायचं. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने त्याकडे कानाडोळा केला. मामांचे चार महिने एका बाजूला होते आणि सव्वीस विमानं दुसऱ्या, आणि त्या संध्याकाळी तिला फक्त मामा दिसत होते.

ज्याच्याविरुद्ध दोष लिहिला त्याने तो वाचून सही करायची, असा नियम होता. गुरुवारी सकाळी मामा आले. कपड्यांना कडक इस्त्री, बूट चकचकीत. तिच्या टेबलासमोर बसले आणि तोंड खिडकीकडे वळवलं, म्हणजे कडेने ती जरा दिसावी.

"वाच," ते म्हणाले. "मॅडमबिडम राहू दे आता. तू वाच, मी ऐकतो."

तिने वाचलं.

"परत."

तिने परत वाचलं.

"ते 'पुरेशी' कुठून आलं?"

"म्हणजे... अगदीच काही नाही असं नाही ना. तीन सापडले तुला."

"ते तू ठेवलेले. खऱ्या विमानातला तडा माझ्या बोटाखालून गेला, तो मला सापडला नाही." आवाज चढला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी तिच्या चुका काढताना असायचा तसाच होता. "पुरेशी झाली नाही, असं लिहिलंस तर विमानं थांबणार कधी?"

"नेहमीच्या तपासणीला. तीन महिन्यांत."

"आणि झालीच नाही असं लिहिलंस तर?"

"आज."

"सव्वीसांतली आत्ता वर किती आहेत?"

तिने समोरच्या कॉम्प्युटरचा पडदा बघितला. "अकरा."

बाहेर एक विमान धावपट्टीवरून उठलं. खिडकीची काच थरथरली.

"त्या अकरांत बसलेल्यांना," मामा म्हणाले, "मी कोणाचा मामा आहे याच्याशी काय करायचंय?"

तिने पेन उचललं.

"आणि ते कार्डाचं. कार्डाची चूक तुझी. ती वेगळी लिही, खाली, तुझ्या नावावर. माझ्या चुकीवर ती पांघरू नकोस. कार्डाला डोळे नव्हते गं. मला होते, आणि ते गेले हे मला माहीत होतं."

"मामा, तसं लिहिलं तर चार महिने राहिले बाजूलाच, उद्यापासून तुला फाटकाच्या आत..."

"कळतंय मला. डोळे गेलेत, डोकं नाही गेलं. लिही."

तिने नवा कागद घेतला. मामांनी खिडकीकडे बघत सांगितलं, आणि तिने शब्दाला शब्द लिहून घेतलं. 'तपासनिसाला दिसत नव्हते. त्याने ते लपवले. दुसरी तपासणी झालेली नाही.' त्याखाली तिने आपलं लिहिलं. 'कार्डावर उत्तर आधीच छापलेले होते. शून्य दोष म्हणजे न झालेली तपासणी, हे क्वालिटी प्रमुखाने अकरा महिने ओळखले नाही.' दोन्ही त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्यावर त्यांनी नुसती मान हलवली.

मग तिने त्यांचा हात धरला आणि बोट सहीच्या रेघेवर नेऊन ठेवलं.

"इथे?"

"जरा खाली. हां. इथे."

सही वळणदार आली, नेहमीसारखी. मग त्यांनी वरच्या खिशातून शिक्का काढला. लाकडी मुठीचा, अंगठ्याच्या जागी झिजून खड्डा पडलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला.

तिने फोन उचलला. वीस मिनिटं ती एकामागून एक आकडे सांगत राहिली आणि पलीकडून कोणीतरी ते परत म्हणत राहिलं. जी जमिनीवर होती ती आहेत तिथे थांबली. जी वर होती ती उतरतील तिथे थांबणार होती. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोन विमानांच्या शेपटीत तसेच तडे निघाले, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे सगळं होईपर्यंत मामा समोर बसून होते. प्रत्येक आकड्याला त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. ते मोजत होते.

"सव्वीस," फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "झाले सगळे." आणि उठले. "ती चौकट तेवढी उतरव बाई."

"थांब. एक राहिलंय."

रिपोर्टच्या तळाशी एक शेवटचा रकाना होता. 'या रिपोर्टच्या मसुद्यात कोणास दोष आढळला काय? आढळल्यास किती?' तो तिनेच घातला होता. सहा वर्षं तो कोराच जात होता, कारण खुसपट मॅडमच्या लिखाणात खुसपट काढायची कोणाची छाती होत नव्हती. तिने त्यात लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

"'एक. गंभीर. शिक्का क्रमांक सात यांना आढळला.'"

मामा दाराशी थबकले. "गंभीर कशाला लिहायचं?"

"जे दिसलं ते लिहिलं," ती म्हणाली.

तेव्हा मामा वळले, आणि खांद्याकडे नाही, कानाकडे नाही, त्यांनी सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ते बराच वेळ तसेच बघत उभे राहिले.